विश्वासाचा बांध फुटल्यावर

अलिबागेहून पेणकडे जातांना, पोयनाड मागें टाकल्यावर, धरमतरच्या खाडीच्या बाजूस मातीचे लांबच लांब बांध दिसूं लागतात. त्यांच्या एका अंगास भरती-ओहोटीचें खारें पाणी आणि दुसऱ्या अंगास भाताचीं शेतें. उधाणाच्या भरतीस खाडीचें पाणी या शेतांहून उंच चढतें. मध्यें बांध आहे म्हणूनच तेथें भात पिकतें. या जमिनीस आपल्याकडे खारजमीन म्हणतात. बांधांत ठिकठिकाणीं पाण्याच्या निचऱ्यासाठीं झडपेचीं दारें बसविलेलीं असतात. त्यांस उघाडी म्हणतात. ओहोटीच्या वेळीं आंतल्या पाण्याच्या दाबानें उघाडी उघडते आणि भरतीच्या वेळीं बाहेरच्या पाण्यानें मिटते.

केव्हां तरी एखाद्या अमावास्येच्या उधाणांत बांधास खांड पडते. बहुधा तिचें मूळ लहानच असतें. खेकड्यांनीं बांध पोखरलेला असतो आणि तिकडे वेळीं कोणी पाहिलेलें नसतें. एका रात्रींत खारें पाणी शेतभर पसरतें. दुसऱ्या दिवशीं गांवानें मिळून खांड बुजविली तरी शेत पूर्ववत् होत नाहीं. मातींत मुरलेलें मीठ पावसाच्या गोड्या पाण्यानें धुवावें लागतें. तें पाणी शेतांत अडवावयाचें, ओहोटीस उघाडींतून सोडून द्यावयाचें आणि पुन्हां अडवावयाचें. एका पावसाळ्यानें हें काम संपत नाहीं. उन्हाळ्यांत जमीन तापली कीं खालचें मीठ ओलाव्याबरोबर पुन्हां वर येतें, आणि श्रावणांत हिरवें दिसलेलें शेत चैत्रांत पांढरें पडतें.

ज्या विषयावर आज लिहावयाचें आहे त्याचा विचार करतांना हें खारावलेलें शेत वारंवार डोळ्यांपुढें येतें. पति किंवा पत्नी यांपैकीं एकानें दुसऱ्याची प्रतारणा केली, ती उघडकीस आली, आणि तरीही दोघांस संसार मोडावयाचा नाहीं; अशा वेळीं गेलेला विश्वास परत येतो काय, आणि येत असल्यास कशानें? आपल्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांत हा प्रश्न मोठ्यानें विचारण्याची चाल नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें म्हणून तो माजघरांतच दडपला जातो. परंतु दडपलेला प्रश्न सुटलेला नसतो, आणि त्याचें ओझें बहुतेक वेळां ज्याचा अपराध नाहीं त्याच्याच माथीं बसतें.

एक कल्पित घर

वाचकांनीं क्षणभर अष्टागरांतील एका घराची कल्पना करावी. घर कल्पित आहे. पण त्यांतील माणसें कोणास अगदींच अनोळखी वाटूं नयेत. नारळीपोफळीची वाडी, पुढें ओटी, ओटीवर झोपाळा, घरांत आजेसासूपासून शाळकरी नातवंडांपर्यंत नऊ माणसें. थोरला मुलगा मुंबईस नोकरीस. पूर्वींच्या पिढींतले पुरुष गिरगांवांत खोली घेऊन राहात आणि सणावारीं रेवसच्या बोटीनें घरीं येत. हा शनिवारीं मांडव्यास उतरतो आणि सोमवारीं पहांटे परततो. सून अलिबागेंतील एका शाळेंत शिक्षिका. सासूसासऱ्यांचीं औषधें, मुलांचा अभ्यास, वाडीचा हिशेब, सर्व तिच्याकडे.

गणपतीस आठ दिवस राहिले असतां तिला कळतें कीं, पतीचे मुंबईंत दुसऱ्या एका स्त्रीशीं दीड वर्षें संबंध आहेत. तो प्रथम नाकारतो, मग थोडें कबूल करतो, मग आणखी थोडें. शेवटीं म्हणतो, “झालें तें झालें. आतां संपलें आहे. तूं विसर.” सासूबाई तिला एकीकडे घेऊन म्हणतात, “सूनबाई, पुरुषाची जात अशीच. गणपति तोंडावर आलेत, पाहुणे येतील, तूंच जरा सांभाळून घे.” सासरे कांहींच बोलत नाहींत; झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज तेवढा ऐकूं येत राहातो. ती सांभाळून घेते. मोदक वळते, आरतीस उभी राहाते, पाहुण्यांस पानें वाढते. विसर्जन झाल्यावर घरांतील सर्वांस वाटतें कीं प्रकरण मिटलें.

येथें मिटलें तें फक्त बोलणें. तिच्या मनांतील शेतांत शिरलेलें पाणी तेथेंच आहे. हेंच कृत्य सुनेच्या हातून घडलें असतें तर त्या घरानें तिला रातोरात माहेरची वाट दाखविली असती, हेंही तिला ठाऊक आहे. एकाच अपराधास घरांत दोन मापें असलीं कीं विश्वासाची गोष्ट बोलण्यांत अर्थ राहात नाहीं.

कायद्याचें माप

अशीं दोन मापें केवळ घरांत होतीं असें नाहीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९७ व्या कलमाप्रमाणें, विवाहित स्त्रीशीं तिच्या पतीच्या संमतीवांचून संबंध ठेवणाऱ्या परपुरुषास पांच वर्षांपर्यंत कारावास होऊं शके. फिर्यादीचा अधिकार त्या स्त्रीच्या पतीस होता. परंतु स्वतःच्या पतीनें प्रतारणा केली असतां पत्नीस या कलमाखालीं दाद मागतां येत नसे. पतीची संमति असल्यास गुन्हाच नाहीं, या तरतुदींत स्त्री ही जणूं पतीच्या मालकीची वस्तु धरलेली होती. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें; तो निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड. पुढें ३३ वर्षांनीं, २७ सप्टेंबर २०१८ रोजीं, पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तें एकमतानें रद्द केलें. त्या पीठावर यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, आणि त्यांनीं आपल्या निकालपत्रांत वडिलांच्या निर्णयाहून निराळी वाट धरली. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही हा गुन्हा नाहीं. घटस्फोटाचें कारण म्हणून मात्र १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत प्रतारणा कायम आहे, आणि तेथें पति-पत्नींस माप एकच आहे.

याच यशवंतराव चंद्रचूडांनीं लिहिलेला दुसरा एक निर्णय आपल्या विषयास अधिक जवळचा आहे. १९७५ सालीं एका मराठी दांपत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें होता. आरोप क्रूरतेचा होता, प्रतारणेचा नव्हता. परंतु विवाह कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणें, ज्या अपराधाची क्षमा झाली त्याच्या आधारावर पुढें दाद मिळत नाहीं. म्हणून क्षमा म्हणजे काय याचा निर्णय करणें भाग पडलें. न्यायालयानें सांगितलें कीं, क्षमेंत दोन गोष्टी येतात: अपराध माफ करणें, आणि अपराध्यास त्याच्या पूर्वींच्या स्थानीं पुन्हां बसविणें. शिवाय ही क्षमा सशर्त असते. पुन्हां अपराध घडला तर जुना अपराधही जागा होतो.

संसारांत या दोन गोष्टींची गल्लत होते. माफ करणें ही गोष्ट एखाद्या संध्याकाळीं, मन द्रवल्यावर, होऊन जाऊं शकते. पूर्वींच्या स्थानीं बसविणें असें एका संध्याकाळीं होत नाहीं. “मीं माफ केलें” असें पत्नीनें म्हटलें कीं पतीस वाटतें, आतां सर्व पूर्वींसारखें झालें, आणि चार दिवसांनीं ती पुन्हां रडली तर तो चिडतो, “मग माफ केलेंस कशाला?” वास्तविक तिनें शब्द फिरविलेला नसतो. तिनें एक गोष्ट दिलेली असते आणि तो दुसरी मागत असतो.

प्रायश्चित्ताचा क्रम

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं परस्त्रीगमनाची गणना उपपातकांत केली आणि त्यास चांद्रायणासारखें प्रायश्चित्त सांगितलें. स्त्रियांसंबंधानें त्याच ग्रंथांत जे कठोर आणि विषम दंड सांगितले आहेत त्यांचें समर्थन आज कोणी विचारी मनुष्य करणार नाहीं. तथापि प्रायश्चित्ताच्या कल्पनेंत एक मर्म आहे. चांद्रायण हें महिन्याचें व्रत. चंद्राच्या कलेप्रमाणें घांस कमी-अधिक करावयाचे. अपराधी रोज कांहीं तरी करीत राहातो, आणि त्याचें करणें दुसऱ्यास दिसतें. पापापासून सुटण्याचीं साधनें मोजतांना मनुस्मृतींत अगोदर कबुली येते, मग अनुताप, मग तप. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. आपल्या घरांत बहुधा अनुतापापासून आरंभ होतो. डोळ्यांस पाणी येतें, पायांस हात लागतो, आणि कबुली अर्धीच राहाते.

प्रथम खांड बुजवावी

आतां व्यवहाराचें बोलूं. खांड उघडी ठेवून शेत धुण्यास कोणी आरंभ करीत नाहीं. तिसऱ्या व्यक्तीशीं संबंध पूर्ण तुटला पाहिजे. “आम्ही नुसते मित्र राहूं” ही भाषा येथें चालत नाहीं. ती व्यक्ति एकाच कचेरींत असल्यास बदली, दुसरा विभाग, प्रसंगीं दुसरी नोकरी, यांचा विचार अपराध्यानें स्वतः करावा. पत्नीनें मागणी करण्याची वाट पाहूं नये. बढती हुकली तर ती त्याच्या कृत्याची किंमत आहे, पत्नीवर केलेला उपकार नाहीं.

दुसरी गोष्ट, सत्य एकदांच आणि पुरतें सांगावें. हप्त्याहप्त्यानें निघणारें सत्य मूळ अपराधाहून अधिक नाश करतें, कारण प्रत्येक नव्या हप्त्याबरोबर ऐकणारास वाटतें कीं अजून कांहीं उरलें असेल. संबंध केव्हां जडला, किती काळ चालला, घरचा पैसा गेला काय, कोणास ठाऊक आहे, आज तो संपला आहे काय, एवढें सरळ सांगितलें पाहिजे. शरीरसंबंधाचीं बारीकसारीक वर्णनें मागूं नयेत आणि देऊं नयेत; तीं चित्रें मग जन्मभर डोळ्यांपुढून हालत नाहींत. दोघांनींही डॉक्टरांकडून तपासणी करून घेणें मात्र संकोच सोडून अवश्य करावें.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ डॉ. शर्ली ग्लास यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत भिंत आणि खिडकी यांचा दृष्टांत दिला आहे. सुस्थितींतल्या संसारांत पति-पत्नींमध्यें खिडकी असते आणि बाहेरच्या जगाकडे भिंत; प्रतारणेंत खिडकी तिसऱ्याकडे उघडते आणि भिंत घरांत उभी राहाते. म्हणून दुरुस्ती म्हणजे भिंत आणि खिडकी यांची पुन्हां अदलाबदल. कोठें आहों, कोणाबरोबर आहों, केव्हां पोंचूं, खर्च कशावर झाला, हें विचारण्याच्या आधीं सांगणें. मोबाईल उपडा न ठेवणें. शनिवारची बोट चुकली तर चुकली असें तत्क्षणीं कळविणें. या लहान गोष्टी आहेत. पण पोखरलेला बांध लहान बिळें बुजवूनच सुधारतो.

हा उघडेपणा देणाराकडून यावा. घेणारानें पहारेकरी होऊं नये. पतीचे खिसे, पत्रें, मोबाईल रोज तपासणारी स्त्री स्वतःच्याच घरांत चौकीवर बसते, आणि चौकीवर बसलेल्यास झोंप नसते. म्हणून कोणत्या गोष्टी किती दिवस उघड्या असाव्या हें दोघांनीं बोलून ठरवावें, आणि सहा महिन्यांनीं पुन्हां बोलावें.

उन्हाळे येतातच

डोनाल्ड बॉकम, डग्लस स्नायडर आणि क्रिस्टिना गॉर्डन या तीन मानसशास्त्रज्ञांनीं अशा दांपत्यांसाठीं तीन टप्प्यांची उपचारपद्धति मांडली आहे: आधीं आघात सांवरणें, मग तो कशामुळें घडला हें समजून घेणें, आणि त्यानंतर पुढें कसें जावयाचें हें ठरविणें. पुढें जाणें याचा अर्थ एकत्र राहाणें असाही होतो आणि विचारपूर्वक वेगळें होणें असाही. यांत मुद्दा असा कीं, “असें कां झालें?” हा प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा आहे. तो पहिल्याच दिवशीं उकरला कीं उत्तराचें रूप हटकून असें होतें: “तूं मुलांत आणि शाळेंत गुंतलीस, मला वेळ दिला नाहींस.” एकटेपणा खरा असेल, दूर राहाण्याचा ताण खरा असेल, पण तोच एकटेपणा आणि तोच ताण पत्नीच्याही वाट्यास आला होता, आणि तिनें प्रतारणा केली नाहीं. कारण समजून घेतल्यानें पुढचा बांध मजबूत होतो. मागचा अपराध त्यामुळें वांटला जात नाहीं.

आघात झालेल्या मनुष्याचें दुःख सरळ रेषेनें उतरत नाहीं. चार महिने बरे जातात, आणि मग त्याच तिथीस, त्याच गाण्यानें, एखाद्या सुगंधानें, उशिरा आलेल्या एका बोटीनें सर्व पुन्हां वर येतें. खारजमिनीच्या शेतकऱ्यास चैत्रांत पांढरें शेत पाहून आश्चर्य वाटत नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां पाणी अडवावयाचें, एवढें त्यास ठाऊक असतें. अपराधी जोडीदारानें ही वृत्ति शिकावी. “अजून तेंच?” हे दोन शब्द त्याच्या तोंडून येऊं नयेत. त्याऐवजीं शेजारीं बसावें, विचारलेल्या प्रश्नाचें तेंच उत्तर पुन्हां द्यावें. उत्तर दर वेळीं तेंच येतें, हाच विश्वासाचा पहिला पुरावा.

घरांतील वडीलधाऱ्यांचें काम

एकत्र कुटुंबांत दोघांचें दुःख दोघांपुरतें राहात नाहीं. यांत हानि आहे तसा लाभही आहे. हानि अशी कीं, घर एक तर न्यायसभा होतें किंवा पडदा होतें. न्यायसभा झाली कीं चुलत्यामावशांपर्यंत सर्वांचीं मतें येतात, आणि दोघें पुढें समेटलीं तरी ते शब्द नातेवाइकांच्या ध्यानांत राहातात. पडदा झाला कीं सुनेला आपल्या दुःखाबद्दल लाज वाटूं लागते.

मधला मार्ग असा. ज्याचें मन दुखावलें आहे त्यानें घरांतील एक, फार तर दोन, विश्वासाचीं माणसें निवडावीं. इतरांस तपशिलाची गरज नाहीं. सासूसासऱ्यांनीं सुनेस एकदां स्पष्ट शब्दांत सांगावें कीं, चूक आमच्या मुलाची आहे. एवढें एक वाक्य घरांतल्या पुष्कळ मिठास धुवून नेतें. मुलांस वयाप्रमाणें सांगावें: आईबाबांचें भांडण झालें आहे, कारण मोठ्यांचें आहे, तुमचा यांत कांहीं दोष नाहीं. खोटें सांगूं नये, आणि त्यांस निरोप्ये किंवा हेर करूं नये. दोघांस बोलण्यास एकांत मिळत नसेल तर वडिलांनीं तो करून द्यावा. नऊ माणसांच्या घरांत ही मदत लहान नाहीं. समुपदेशकाकडे जावयाचें ठरलें तर मुलें सांभाळावीं आणि “घरचें बाहेर कशाला?” हा प्रश्न गिळावा. दांत दुखला तर आपण दंतवैद्याकडे जातोंच.

सर्वच शेतें राखावयाचीं नसतात

संसार टिकविण्याचा उपदेश करतांना एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या घरांत प्रतारणेबरोबर मारहाण आहे, धाक आहे, पैशाची कोंडी आहे, तेथें विश्वास परत आणण्याचा प्रश्न पुढचा, आधीं सुरक्षिततेचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें पत्नीस राहत्या घरांत राहाण्याचा आणि संरक्षणाचा हक्क दिला आहे. ज्यानें दोनदां, तीनदां खांड पाडली आणि दर वेळीं गांवानें बुजविली, त्याच्या शब्दावर चौथ्यांदा पेरणी करावी असें कोणी सांगूं नये. वेगळी झालेली स्त्री किंवा पुरुष यांस हरलेलें समजण्याची आपली रीत सोडण्याजोगी आहे. क्षमा ही दुखावलेल्याची देणगी आहे. कुटुंबाच्या प्रतिष्ठेसाठीं ती वसूल करतां येत नाहीं.

उलट, जीं दोघें राहाण्याचें ठरवितात त्यांस दुबळीं समजणेंही तितकेंच चूक. त्यांनीं कष्टाचें काम पत्करलें आहे. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें क्षार सोसणारीं भातें तयार केलीं. तीं लावल्यानें शेतकरी थांबून न राहातां थोडें पीक घेऊं लागतो आणि जमीनही हळूहळू सुधारत जाते. संसारांतही तसेंच थोडें थोडें पीक घ्यावें. सर्व पूर्वींसारखें होण्याची वाट पाहात बसूं नये. एका सायंकाळीं दोघांनीं वाडींत मिळून शिंपण करावें, मुलांचा अभ्यास एकानें घ्यावा, एखाद्या रविवारीं आक्षीच्या किनाऱ्यावर न भांडतां चालून यावें.

आपल्या कल्पित घरांतील सुनेनें काय करावें, हें सांगण्याचा अधिकार लेखकाकडे नाहीं. पण पुढच्या भाद्रपदांत काय पाहावें हें सांगतां येईल. पति त्या वर्षांत कितीदां रडला, किती दागिने केले, किती शपथा घेतल्या, हें मोजूं नये. तो अमुक बोटीनें येतों म्हणाला आणि त्या बोटीनें आला, असें किती शनिवार झालें, एवढें मोजावें. आणि सासूबाईंनीं मोदकाचें सारण ढवळतांना मागच्या वर्षीं जें म्हटलें होतें त्याबद्दल सुनेचा हात धरून, “तेव्हां मीं चुकीचें बोललें,” असें म्हटलें काय, हेंही पाहावें. त्या घरास पुन्हां पेरणी करावी असें वाटलें, तर ती या दोन गोष्टींच्या आधारावर करतां येईल.